ट्रान्सफॉर्मरला विद्युतदाबाचे (व्होल्टेजचे) शिखर हवे, केबलला शून्य. दोन्ही एकाच ब्रेकरमागे असतील तर?

रबाळे_टेस्टिंग (नवी मुंबई) यांचा प्रश्न

नमस्कार. मी बरीच वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर यांच्या चाचण्यांचे व कमिशनिंगचे काम केले आहे. अलीकडे ऐरोलीतील एका डिझाइन कार्यालयात रुजू झालो असून तेथे समुद्रातील पवनऊर्जा प्रकल्पाच्या जोडणीचा प्राथमिक अभ्यास चालू आहे. रचना साधारण अशी आहे: किनाऱ्यावर २२० केव्हीचे उपकेंद्र, तेथून समुद्राखालून जाणारी सुमारे ५० किलोमीटरची एसी केबल, किनाऱ्याकडील टोकाशी केबललाच जोडलेला शंट रिअ‍ॅक्टर (केबलच्या धारितेचा परिणाम भरून काढणारी मोठी कॉइल) आणि समुद्रातील मंचावर ट्रान्सफॉर्मर.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला जुना आहे आणि कामाच्या जागी त्याचे उत्तर मला कोणी नीट दिले नाही. रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात १६०० केव्हीएचा, २२ केव्ही/४३३ व्होल्टचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर वार्षिक देखभालीनंतर चार्ज केला (वीजपुरवठ्याला जोडला), तेव्हा २२ केव्ही बाजूचा व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) लगेच ट्रिप झाला आणि रिलेवर (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणावर) अर्थ फॉल्टची, म्हणजे प्रवाह जमिनीकडे जात असल्याची, खूण आली. मेगर (इन्सुलेशन), रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स या सर्व चाचण्यांचे आकडे आदल्याच दिवशी चांगले आले होते. दुसऱ्यांदा चार्ज केला तेव्हा तो टिकला, पण शेजारी आधीपासून चालू असलेला दुसरा ट्रान्सफॉर्मर काही वेळ मोठ्याने घुमत राहिला. उपस्थितांनी ‘इनरश आहे’ (म्हणजे चार्ज करतानाचा क्षणिक मोठा प्रवाह) एवढे म्हणून विषय संपवला.

दुसरा प्रश्न सध्याच्या कामातला आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी आम्हाला सांगितले जाते की ब्रेकर दाबाच्या शिखरावर मिटावा (त्याचे संपर्क जुळून प्रवाह सुरू व्हावा), आणि केबलसाठी सांगितले जाते की तो दाब शून्य असताना मिटावा. आमच्या रचनेत मंचावर जागा वाचवण्यासाठी ट्रान्सफॉर्मरला स्वतंत्र ब्रेकर न देता केवळ आयसोलेटर (चालू प्रवाह तोडू न शकणारा साधा विलगक) देण्याचा विचार आहे, म्हणजे किनाऱ्यावरचा एकच ब्रेकर मिटला की केबल, रिअ‍ॅक्टर आणि ट्रान्सफॉर्मर एकदमच चार्ज होतील. मग कोणाचे ऐकावे?

ठाणे_प्रोटेक्शन यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते मी लिहितो. केबलचा भाग त्या क्षेत्रातील मंडळींनी सांगावा.

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) हा दिलेल्या दाबाचा काळानुसार साठत जाणारा परिणाम असतो, आणि चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये तो दाबाच्या पाव आवर्तन मागे चालतो. दाब शिखरावर असतो तेव्हा फ्लक्स शून्यातून जात असतो. म्हणून शिखरावर ब्रेकर मिटला तर फ्लक्सला जेथून सुरुवात करायची असते तेथूनच ती होते आणि काहीही विशेष घडत नाही. मात्र दाब शून्य असताना ब्रेकर मिटला, तर पुढचे संपूर्ण अर्धे आवर्तन फ्लक्स एकाच दिशेने वाढत राहतो आणि नेहमीच्या शिखराच्या दुपटीपर्यंत पोहोचू पाहतो. गाभ्यात आधीचे अवशिष्ट चुंबकत्व त्याच दिशेचे असेल, तर तेही त्यात मिळते. सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास पोलादी) पत्र्याचा गाभा साधारण १.६ ते १.७ टेस्लावर चालवला जातो आणि २ टेस्लाच्या आसपास तो संपृक्त होतो, म्हणजे आणखी फारसा चुंबकित होऊ शकत नाही, त्यामुळे ३.४ टेस्ला अधिक अवशिष्ट एवढी मागणी तो पुरवू शकत नाही. त्या क्षणापुरते वाइंडिंग हे गाभा नसलेल्या कॉइलसारखे वागते आणि प्रवाहाला अडवायला थोडे इंडक्टन्स व स्रोताचा इंपीडन्स एवढेच उरते.

आपल्या १६०० केव्हीएला २२ केव्ही बाजूस पूर्ण भाराचा प्रवाह ४२ अँपिअर येतो. बिनभार प्रवाह त्याच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही, पण चार्ज करतानाचे पहिले शिखर आठ ते बारा पट, म्हणजे सुमारे साडेतीनशे ते पाचशे अँपिअर असू शकते. हा प्रवाह एकतर्फी असतो: एका बाजूला टोकदार शिखरे आणि मध्ये जवळजवळ सपाट मोकळी जागा. त्यात दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुपटीचा घटक) भरपूर असतो, आणि डिफरेन्शियल रिले (ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांची तुलना करणारा) त्यावरूनच हा दोष नव्हे असे ओळखतो.

आता आपल्या प्रसंगाकडे येतो. आदल्या दिवशी वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला, हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती चाचणी डीसी प्रवाहाने होते आणि ती झाल्यावर गाभा चुंबकित अवस्थेत राहतो. अनेक ठिकाणी ही चाचणी अगदी शेवटी उरकली जाते, पथक क्लिपा काढून मोकळे होते, आणि दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर भरपूर अवशिष्ट चुंबकत्वासह चार्ज होतो. ध्रुव उलटसुलट करत क्रमाने कमी होणारा डीसी देऊन गाभा विचुंबकित करता येतो, आणि आजच्या बहुतेक चाचणी संचांत ती सोय असते. ती वापरली जात नाही, हे खरे दुखणे आहे.

अर्थ फॉल्टची खूण मात्र वेगळ्या कारणाने आली असावी. २२ केव्ही बाजू डेल्टा असल्याने ट्रान्सफॉर्मरमधून जमिनीकडे जाणारा प्रवाह त्या बाजूला नसतोच, म्हणजे तीन फेजच्या प्रवाहांची बेरीज शून्यच यायला हवी. पण इनरशमधील डीसी घटकामुळे एका फेजचा सीटी (प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) संपृक्त झाला, की तीन सीटींच्या दुय्यम प्रवाहांची बेरीज शून्य राहत नाही आणि तो खोटा फरक रिलेला अर्थ फॉल्ट म्हणून दिसतो. तात्काळ अर्थ फॉल्ट घटकाला थोडा विलंब देणे, जुन्या रिलेत स्थिरीकरणाचा रोध लावणे किंवा तिन्ही फेज एकत्र वेढणारा कोअर बॅलन्स सीटी वापरणे, हे त्यावरचे उपाय आहेत. तात्काळ ओव्हरकरंटची सेटिंग वेगळ्या हिशोबाने करावी. सहा टक्के इंपीडन्स धरला तर एलटी (४३३ व्होल्ट) बाजूच्या शॉर्ट सर्किटला २२ केव्हीकडे ७०० अँपिअर येतात, त्याच्या वर म्हणजे नऊशेच्या सुमारास ती ठेवली की इनरशचा प्रश्न आपोआप सुटतो.

शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे घुमणे हे सहानुभूतीचे इनरश होय. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रवाहातील डीसी घटक स्रोताच्या आणि फीडरच्या रोधातून वाहतो, त्यामुळे सामाईक बसवरील (सारे फीडर जेथे जोडलेले असतात त्या वाहक पट्टीवरील) दाब किंचित असमतोल होतो आणि चालू असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा फ्लक्स आवर्तनागणिक उलट दिशेला सरकत जातो. म्हणून त्याचा आवाज थोडा उशिरा चढतो आणि एकट्या ट्रान्सफॉर्मरच्या इनरशपेक्षा बराच अधिक काळ टिकतो.

‘इनरश आहे, पुन्हा चार्ज करा’ हा सल्ला मला मान्य नाही. आधी रिलेतील तरंगनोंद पाहावी, बुकहोल्झ रिलेमध्ये (दोषामुळे तेलात निघणारा वायू पकडणाऱ्या) वायू जमला आहे का ते पाहावे. तरंग एकतर्फी आणि मधे सपाट असेल तरच दुसऱ्यांदा बटण दाबावे.

बेलापूर_केबल यांचे उत्तर

केबलचा इनरश हा जातीनेच वेगळा आहे. तेथे गाभा नाही, संपृक्तता नाही. तेथे एक लांबलचक कपॅसिटर आहे.

आपल्याच परिसरातील उदाहरणाने प्रमाण लक्षात येईल. घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज पोहोचली ती समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या २२ केव्ही केबलने. एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलची धारिता (कपॅसिटन्स) दर किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरली, तर २२ केव्हीवर चार्जिंग प्रवाह किलोमीटरला ०.८ अँपिअर, म्हणजे सगळ्या लांबीला सहा अँपिअर आणि सुमारे २३० केव्हीएआर (प्रतिघाती शक्तीचे एकक) येतो. एवढ्यासाठी कोणी रिअ‍ॅक्टर बसवणार नाही. तीच धारिता आणि आपली २२० केव्ही, ५० किलोमीटरची केबल घेतली, तर प्रवाह किलोमीटरला आठ, एकूण ४०० अँपिअर आणि सुमारे १५० एमव्हीएआर येतात. दाब दहापट झाला की किलोमीटरमागचे एमव्हीएआर शंभरपट होतात, आणि केबलची वहनक्षमता वीज नेण्याऐवजी स्वतःला चार्ज ठेवण्यात खर्च होऊ लागते. माल्टा आणि सिसिली यांना २०१५ मध्ये जोडणारी २२० केव्हीची एसी केबल जमिनीवरचा भाग धरून सुमारे १२० किलोमीटर आहे. याच्या फार पुढे गेले की डीसीशिवाय गत्यंतर राहत नाही, आणि म्हणूनच नॉर्वे व नेदरलँड्स यांच्यातील ५८० किलोमीटरची २००८ मधील जोडणी डीसी आहे.

वरील ४०० अँपिअर हा कायमचा प्रवाह झाला. ब्रेकर मिटण्याच्या क्षणाचे गणित निराळे असते. २२० केव्हीचे फेजचे शिखर १८० केव्ही आणि केबलचा सर्ज इंपीडन्स (धावत्या लाटेला होणारा अडथळा) ४० ओहमच्या आसपास. ओव्हरहेड लाइनचा तो तीनशे-चारशे असतो. स्रोत अगदी ताठ असता तर शिखरावर मिटताना साडेचार किलोअँपिअरची लाट आत शिरली असती. प्रत्यक्षात स्रोताचे इंडक्टन्स तिला बोथट करते. पण त्याच बसवर दुसरी तशीच केबल आधीपासून चार्ज असेल, तर ती आपला साठा नव्या केबलमध्ये ओतते, मध्ये फक्त बसबारचे इंडक्टन्स असते, आणि सव्वादोन किलोअँपिअरपर्यंतची, कित्येक किलोहर्ट्झची लाट ब्रेकरला सोसावी लागते. लाट प्रकाशाच्या निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने जाते, उघड्या टोकाला दाब जवळपास दुप्पट करून परतते, आणि ५० किलोमीटरची ही फेरी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास पुरी होते. काही मिलिसेकंदांत सारे शमते. केबल शून्यावर मिटवावी असे म्हणतात ते याच लाटेसाठी.

आता रिअ‍ॅक्टरमुळे जो गुंता होतो तो नीट पाहा, कारण आपल्या रचनेत मला खरा धोका तेथे दिसतो. समजा भरपाई, म्हणजे केबलच्या चार्जिंग प्रवाहापैकी रिअ‍ॅक्टर भरून काढतो तो वाटा, ७० टक्के आहे. केबलचे ४०० अँपिअर, रिअ‍ॅक्टरचे २८०, दोन्ही एकमेकांच्या उलट, म्हणजे ब्रेकरमधून निव्वळ १२० अँपिअर एसी, ज्याचे शिखर १७०. केबलच्या सोयीसाठी ब्रेकर शून्यावर मिटवला तर रिअ‍ॅक्टर हाही ट्रान्सफॉर्मरचाच भाऊबंद असल्याने त्याच्या प्रवाहात पूर्ण डीसी घटक येतो: २८० चे शिखर, म्हणजे ३९६ अँपिअर. १७० चा एसी तरंग ३९६ च्या डीसीवर स्वार झाला की प्रवाह शून्यातून जातच नाही. रिअ‍ॅक्टरचे एक्स/आर गुणोत्तर ४०० धरले तर हा डीसी सव्वा सेकंदाच्या कालांकाने उतरतो, म्हणजे पहिले शून्य दिसायला सुमारे एक सेकंद, पन्नासेक आवर्तने जातात. एसी ब्रेकर चाप (उघडत्या संपर्कांमधील विद्युत ज्योत) विझवतो तो प्रवाहाच्या शून्यावर. नेमक्या त्या सेकंदात एखाद्या फेजवर दोष आला आणि रिलेने ट्रिप दिली, तर दोषी फेज सुटतो, पण निरोगी फेजमधील चाप जळत राहतो आणि ब्रेकर निकामी होऊ शकतो. भरपाई ५० टक्क्यांच्या वर गेली की ही शक्यता सुरू होते.

रबाळे_टेस्टिंग यांचा पुरवणी प्रश्न

दोघांचेही आभार. आमची भरपाई खरोखरच सत्तरच्या आसपास आहे. रिअ‍ॅक्टरला स्वतंत्र ब्रेकर देऊन तो केबलनंतर चार्ज केला तर शून्य हरवण्याचा प्रश्न मिटेल असे वाटते. परंतु तोपर्यंत रिकाम्या केबलचे पूर्ण १५० एमव्हीएआर ग्रिडवर पडतील आणि दाब चढेल, आणि ट्रान्सफॉर्मर तरीही केबलसोबतच राहील. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या इनरशमधील दुसरा हार्मोनिक या केबलच्या धारितेशी काय करील?

डोंबिवली_सिस्टिमस्टडी यांचे उत्तर

शेवटच्या वाक्यातला प्रश्न मी आधी घेतो, कारण ग्रिड किती मजबूत आहे हे ठरल्याशिवाय मिटण्याच्या क्षणाची चर्चा अधांतरी राहते.

स्रोताचे इंडक्टन्स आणि केबलची धारिता मिळून एक अनुनाद (रेझोनन्स) तयार होतो, आणि तो कितव्या हार्मोनिकवर आहे याचा ढोबळ अंदाज शॉर्ट सर्किट एमव्हीए (ग्रिडची मजबुती दाखवणारा आकडा) भागिले केबलचे एमव्हीएआर याच्या वर्गमुळाने येतो. बसवर १०,००० एमव्हीए असतील तर भागाकार ६६, वर्गमूळ आठ. तेथे इनरशमध्ये फारसे काही नसते आणि चिंता नाही. पण शॉर्ट सर्किट पातळी ६०० एमव्हीएवर आली तर वर्गमूळ नेमके दोन येते. इनरश हा दुसऱ्या हार्मोनिकचा प्रवाह ओततो, तो अनुनादी इंपीडन्सवर दाब निर्माण करतो, त्या दाबामुळे गाभा आणखी संपृक्त होतो, आणि हा फुगवटा एका झटक्यात न संपता कित्येक आवर्तने, कधी सेकंदभर टिकतो. सर्ज अरेस्टर (अतिदाब जमिनीकडे वळवणारी उपकरणे) क्षणिक लाटांसाठी बनवलेले असतात. अशा लांबलेल्या अतिदाबात ते तापून जातात. ६०० हा आकडा कागदी नाही. मुंबईतील १२ ऑक्टोबर २०२० सारख्या मोठ्या बिघाडानंतर जेव्हा एखाद्या लहान संचापासून ग्रिड टप्प्याटप्प्याने उभी करावी लागते, तेव्हा लांब केबलच्या टोकाचा मोठा ट्रान्सफॉर्मर चार्ज करण्याची घाई करू नये ती याचसाठी. शक्य असेल तर अशा वेळी जनित्राचा किंवा कन्व्हर्टरचा दाब शून्यापासून हळूहळू चढवत केबल आणि ट्रान्सफॉर्मर एकत्रच उठवावेत, म्हणजे इनरश उद्भवतच नाही.

ठाणे_प्रोटेक्शन यांच्या लेखनात एक भर घालतो. नव्या, कमी हानीच्या पत्र्याच्या गाभ्यांत इनरशमधील दुसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण एखाद्या फेजमध्ये १५ टक्क्यांखालीही जाते. म्हणून डिफरेन्शियलचा अडसर (ज्या प्रमाणाच्या वर रिले ट्रिप रोखतो ती मर्यादा) १५ वर ठेवला की काम झाले, असे गृहीत धरू नये. तो सरसकट खाली आणणेही बरे नाही, कारण मग सीटी संपृक्त झालेल्या खऱ्या दोषातही रिले अडून बसतो. तरंगाचा आकार पाहणारी पद्धत किंवा एका फेजने इतरांना रोखणारी पद्धत चार्जिंगच्या काही सेकंदांपुरती वापरणे मला अधिक योग्य वाटते.

आता कोणाचे ऐकावे, हा मूळ प्रश्न. मजबूत ग्रिडवर, आपल्या रचनेत, मी शिखराच्या बाजूने मत देतो. शिखरावर मिटल्यास ट्रान्सफॉर्मर आणि रिअ‍ॅक्टर दोघेही शांत राहतात, प्रवाहाचे शून्य हरवत नाही आणि नुकसान सोसावे लागते ते फक्त केबलला. ते नुकसान किती आहे? २४५ केव्ही वर्गात फेजचे शिखर २०० केव्ही, उघड्या टोकाशी दुप्पट म्हणजे ४०० केव्ही, आणि या वर्गातील इन्सुलेशनची विजेच्या आघाताची पातळी सर्वसाधारणपणे १०५० केव्ही असते. काही मिलिसेकंदांच्या लाटेला एवढा अवकाश पुरेसा आहे. केबलमधील ही जलद आंदोलने ट्रान्सफॉर्मरच्या फ्लक्सवरही फार परिणाम करत नाहीत, कारण इतक्या वरच्या वारंवारतेचा दाब साठून फ्लक्स फारसा वाढत नाही. शून्यावर मिटल्यास याउलट केबलचे काही मिलिसेकंद वाचतात आणि त्या बदल्यात ट्रान्सफॉर्मरचे व रिअ‍ॅक्टरचे कित्येक सेकंद पणाला लागतात. हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

याला दोन अटी आहेत. त्याच बसवर दुसरी चार्ज केबल असेल, तर बेलापूर_केबल यांनी सांगितलेली लाट ब्रेकरच्या क्षमतेशी ताडून पाहावी, आणि ती बसत नसेल तर प्री-इन्सर्शन रेझिस्टर (ब्रेकर पूर्ण मिटण्याआधी क्षणभर मध्ये येणारा रोध) घ्यावा. तो महाग असतो, यंत्रणा वाढवतो आणि देखभालीत त्रास देतो, पण केबल, रिअ‍ॅक्टर आणि ट्रान्सफॉर्मर या तिघांनाही एकाच वेळी उपकारक ठरणारा तो एकच उपाय आहे. दुसरी अट ब्रेकरची. तिन्ही फेजची शिखरे एकदम येत नाहीत, म्हणून तीन पोल (प्रत्येक फेजचे संपर्क) स्वतंत्रपणे चालवता येणारा ब्रेकर हवा. पहिला पोल त्याच्या फेजच्या शिखरावर मिटवून, उरलेल्या दोन लिंबांतील (गाभ्याच्या उभ्या स्तंभांतील) फ्लक्स स्थिरावला की दोन-तीन आवर्तनांनी ते पोल मिटवावेत. ही युक्ती ट्रान्सफॉर्मरचे फेज डेल्टामुळे किंवा तीन लिंबांच्या गाभ्यामुळे एकमेकांशी बांधलेले असतील तरच चालते. तीन सुट्या फेजच्या रिअ‍ॅक्टरला ती लागू नाही, त्याचा प्रत्येक पोल त्याच्या स्वतःच्याच शिखरावर मिटावा लागतो, आणि आपल्या रचनेत दोन्ही एकत्र असल्याने पोलांचा क्रम सिम्युलेशनमध्येच ठरवावा लागेल. वेळेतील अचूकताही तपासावी. एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंश, आणि तेवढ्याने १.७ टेस्लाचा गाभा २.२ पर्यंत जातो. म्हणजे थोडा इनरश राहतोच, पण आठ-दहा पट नव्हे.

मंचावर २२० केव्हीचा ब्रेकर देण्याचा विचार मात्र केवळ जागेच्या कारणाने सोडू नका. तो असेल तर केबल आणि रिअ‍ॅक्टर आधी, ट्रान्सफॉर्मर नंतर अशी फोड करता येते, ट्रान्सफॉर्मरमधील दोषासाठी ५० किलोमीटरची केबल बंद करावी लागत नाही, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा चार्ज करताना रबाळ्यासारखा प्रसंग समुद्रात ओढवला तर निदान केबल तरी चालू राहते. अभ्यासात किमान तीन स्थिती चालवून पाहा: पूर्ण ग्रिड, किनाऱ्यावरील एक मोठी लाइन बंद असलेली ग्रिड आणि ब्लॅक स्टार्टची (संपूर्ण बिघाडानंतर पुन्हा उभी होणारी) ग्रिड. अवशिष्ट चुंबकत्व प्रत्येक वेळी शून्य धरू नका. ६० ते ७० टक्के, आणि तेही प्रतिकूल दिशेने, धरूनच आकडे काढा.